हौस फिटते, पण गोंद जात नाही

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरात नववर्षाला रोझ परेड ही फुलांच्या चित्ररथांची मिरवणूक निघते. चर्चमधली मंडळी स्वयंसेवक म्हणून हे रथ सजवतात खरी, पण त्यांना ते काम येतं का, असा प्रश्न पडतो. बहुतेकांना येत नसतं. तरी चालतं. परेडचा नियम असा की रथाचा दिसणारा प्रत्येक इंच फुलं, पानं, बिया, साल अशाच वस्तूंनी झाकायचा. म्हणजे हात कितीही असोत, कमीच पडतात. लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या स्वयंसेवकांचा 'पेटल पुशर्स' गट तर वर्षानुवर्षं हेच करतोय.

आधी कोरडं काम. तांदूळ, जवस, कॉफी पूड गोंदावर चिकटवायची. स्टॅटिस नावाच्या फुलाच्या सुकलेल्या पाकळ्या कात्रीने बारीक करत बसायचं. कंटाळवाणं आहे, पण गप्पा मस्त रंगतात. ताजी फुलं मात्र नाताळनंतरच्या शेवटच्या दिवसांत, नाहीतर परेडपर्यंत माना टाकतील. गुलाब तर एकेक करून पाण्याच्या छोट्या नळीत खोचायचा आणि मग ती नळी रथाच्या फोममध्ये. हजारो वेळा!

जाणार असाल तर टाकाऊ कपडे घाला, गोंद निघत नाही. आणि थराथराने घाला, रथ सजवतात ती शेड फुलांसाठी गारच ठेवलेली असते. उंचीची भीती असेल तर आधीच सांगा, म्हणजे परांची-मचाणाऐवजी टेबलावरचं काम मिळेल.

जाता जाता, 1 जानेवारी रविवारी आली की परेड सोमवारी निघते. 1893 पासूनची प्रथा. चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीने बुजू नयेत म्हणून!