‘कारकीर्द’ पाळण्यात सुरू होते का?

आफ्रिकेतल्या स्वाझीलँडचे (आताचं एस्वातिनी) राजे दुसरे सोभुझा यांच्यावर टिपण लिहितोय. ‘८२ वर्षांची कारकीर्द’ असं लिहून गेलो आणि तिथेच अडलो. जन्म जुलै १८९९चा. डिसेंबरात वडील वारले, म्हणजे राजा झालं ते पोर साडेचार महिन्यांचं! मृत्यू ऑगस्ट १९८२. दुसरा शब्द आहे का?

– कारकीर्द नकोच. शब्द फारसीतला, ‘कार’ म्हणजे काम. मान नुकतीच धरू लागलेल्या बाळाचं काम ते काय? १९२१पर्यंत कारभार आजीने, लाबोत्सिबेनीने पाहिला. नातवाला शिकायला दक्षिण आफ्रिकेत लव्हडेलला पाठवलं. गोऱ्यांच्या घशात गेलेल्या जमिनी विकत घ्यायला प्रजेकडून पैसा उभा केला. ती वर्षं तिच्या कारकिर्दीत मोजा. सोभुझांसाठी ‘८२ वर्षं गादीवर’ पुरे. सवाई माधवरावांना चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रं मिळाली, पण कारभार बारभाईंचा, असंच म्हणतो ना आपण?

– ‘राजवट’ कशी वाटते?

– मला तिला जरा जाच चिकटलेला वाटतो. इंग्रजी राजवट, लष्करी राजवट. एप्रिल १९७३नंतरच्या काळाला मात्र चपखल बसेल, कारण तेव्हा सोभुझांनी राज्यघटना गुंडाळली आणि पक्षांवर बंदी घातली. सरसकट ८२ वर्षांना नको.

– ‘राजा’ या शब्दाचंही बघा. इंग्रजांच्या कागदोपत्री ते नुसते ‘पॅरामाउंट चीफ’. राजा म्हणून मान्यता १९६७ साली, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी. पण ‘पॅरामाउंट चीफ’चं भाषांतर ‘संस्थानिक’ करू नका, लगेच सांगली-मिरज डोळ्यांपुढे येतं. ‘मुख्य सरदार’ त्याहून वाईट, कारण सरदाराच्या वर कुणीतरी असतो, आणि इंग्रजांना नेमकं तेच सुचवायचं होतं. स्वाझी लोक पहिल्यापासून ‘ङ्ग्वेन्यामा’ म्हणत. म्हणजे सिंह.

– आणि राजाच्या आईला ‘एन्डलोवुकाती’, म्हणजे हत्तीण. मराठीत ‘राजमाता’ लिहिलं की ती देवघरात जाऊन बसते. तिकडे ती राजाच्या बरोबरीने सत्ता सांभाळते. मूळ शब्द ठेवा, कंसात ‘हत्तीण’.

– आभार. ‘१८९९पासून गादीवर, १९२१पासून कारभार हाती’ असं केलंय. हत्तीण ठेवली. वाचणारे हसतील बहुतेक, सिंहाला मात्र कुणी हसणार नाही.