फेडरल कोर्टात आमच्या खटल्याला न्यायाधीशच नाही. ही जागा भरतात कशी आणि अडते कुठे?

वाटसरू

नमस्कार मंडळी. अमेरिकेत राहणारे इथे बरेच जण आहेत, काही कोर्टकचेरीतलेही आहेत, म्हणून विचारतो.

मी आणि माझे चार जुने सहकारी, आम्ही पाच जणांनी आधीच्या कंपनीवर ओव्हरटाइमच्या थकलेल्या पैशांसाठी फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावला आहे. कंपनीचं आणि राज्याचं नाव इथे घेत नाही. दाव्याला तीन वर्षं झाली. कागदपत्रांची देवाणघेवाण संपली, जबान्या झाल्या. खटला उभा न राहताच निकाल द्या, असे दोन्ही बाजूंचे अर्ज पडून आता चौदा महिने होतील.

आमचे न्यायाधीश शांत, नीट ऐकून घेणारे होते. मार्चमध्ये त्यांनी 'सीनियर स्टेटस', म्हणजे एक प्रकारची अर्धनिवृत्ती, घेतलं आणि कामाचा मोठा भाग सोडला. त्यात आमचा खटलाही सुटला. खटल्याच्या क्रमांकाच्या शेवटी न्यायाधीशांच्या नावाची आद्याक्षरं असतात. वकिलांनी नवा आदेश ईमेलने पाठवला, एकच पान. बायकोने वाचून विचारलं, ही एनओएनई कुणाची आद्याक्षरं? कुणाचीच नाहीत. तिथे 'कोणी नाही' असंच छापलं आहे.

आमच्यातले एक काका ६८ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. दर रविवारी त्यांचा फोन येतो, "काही कळलं का रे?" मला त्यांना काहीतरी खरं सांगायचं आहे. राष्ट्राध्यक्ष नाव देतात आणि सिनेट मंजुरी देते, एवढं नागरिकत्वाच्या परीक्षेच्या वेळी पाठ केलं होतं. पण प्रत्यक्षात ही जागा आत्ता कुणाच्या टेबलावर अडली असेल? आणि तोवर आम्हाला काही करता येईल का?

जुनी_कारकून

वाटसरू, तुमचं ते एक पान मी डोळ्यांसमोर आणू शकते, कारण अशी पानं मी स्वतः टाईप केली आहेत. एका डिस्ट्रिक्ट कोर्टात २२ वर्षं कोर्टरूम डेप्युटी होते. न्यायाधीशांच्या पुढ्यात खालच्या टेबलावर बसून तारखा देणं, साक्षीदारांना शपथ देणं, डॉकेट म्हणजे खटल्यांची नोंदवही सांभाळणं हे माझं काम. आमच्याकडेही एक खुर्ची दोन वर्षांहून जास्त काळ रिकामी होती. चेंबरच्या दारावरची पितळी पाटी काढली तेव्हा तिच्या जागी लाकडावर फिकट आयत उमटला होता. रोज सकाळी त्याच्यावरून जायचे आणि आत फोन वाजत असायचा. उचलायला कुणी नाही.

जागा अडते कुठे, तर बहुतेक वेळा तुम्हाला वाटतं त्याच्या पुष्कळ आधी. टीव्हीवर सिनेटचं मतदान दिसतं. ते अगदी शेवटचं. डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या जागेची सुरुवात तुमच्या राज्याच्या दोन सिनेटरांपासून होते. बऱ्याच राज्यांत ते वकिलांची एक समिती नेमतात, समिती अर्ज मागवते, मुलाखती घेते आणि काही नावं पुढे जातात. मग व्हाइट हाउसचे वकील पुन्हा मुलाखत घेतात. एफबीआय शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून जुन्या भागीदारांपर्यंत चौकशी करते. एवढं सगळं होईपर्यंत राष्ट्राध्यक्षांनी औपचारिकपणे कुणाचं नावच दिलेलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच हालचाल नाही. खरंच नसेलही, किंवा सगळी हालचाल बंद दाराआड चालू असेल.

नाव सिनेटकडे गेलं की त्याला एक क्रमांक मिळतो आणि ते काँग्रेसच्या वेबसाइटवर दिसू लागतं. तुमच्या कोर्टाचं नाव टाकून शोधा. तिथे काही नसेल तर गाडी अजून स्टेशनातून सुटलेलीच नाही, असं काकांना सांगा.

त्यानंतर येते ती निळी चिठ्ठी, 'ब्लू स्लिप'. सिनेटच्या न्यायसमितीचे अध्यक्ष उमेदवाराच्या राज्यातल्या दोन्ही सिनेटरांना निळ्या कागदावर विचारतात, तुमची हरकत आहे का? राज्यघटनेत हिचा उल्लेख नाही, कायद्यातही नाही. १९१७ च्या सुमारास सुरू झालेला तो नुसता रिवाज आहे. किती मानायचा हे दर अध्यक्षाने आपापलं ठरवलं. १९५६ पासून ईस्टलंड समितीचे अध्यक्ष होते, त्यांच्या काळात एका सिनेटरने चिठ्ठी परत केली नाही तरी नाव तिथेच संपायचं. अपील कोर्टांसाठी हा अडसर ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत काढून टाकला. पण तुमच्यासारख्या डिस्ट्रिक्ट कोर्टाला तो अजून लागू आहे. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तोही मोडायचा आग्रह धरला, समितीचे अध्यक्ष ग्रासली त्यांच्याच पक्षाचे, तरी ते बधले नाहीत. म्हणून तुमच्या जागेपुरता तुमचा प्रत्येक सिनेटर फार मोठा माणूस आहे. एकाने चिठ्ठी खिशात ठेवली की संपलं, आणि कारण द्यायचं बंधनही नाही.

पुढचं त्या मानाने सरळ असतं. डिस्ट्रिक्ट कोर्टाचे चार-पाच उमेदवार एकाच ओळीत बसवून सुनावणी होते, मग लेखी प्रश्नोत्तरं. समितीत कुणीही सदस्य मतदान एक आठवडा पुढे ढकलू शकतो आणि ते हमखास ढकललं जातं. मग सभागृहात आधी चर्चा थांबवण्याचं मतदान, नंतर अंतिम. दोन्हीला साधं बहुमत पुरतं. मधल्या चर्चेला पूर्वी ३० तास राखलेले असायचे, एप्रिल २०१९ पासून डिस्ट्रिक्ट जजसाठी २ तास. आणि सिनेटचं सत्र संपेपर्यंत मतदान झालं नाही तर एकमताने सूट दिल्याशिवाय नाव व्हाइट हाउसकडे परत जातं. सगळं पुन्हा पाठवावं लागतं.

तुमचे काका ताटकळत बसण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कुणी सांगत नाही म्हणून सांगते. १९७४ च्या कायद्याने फौजदारी खटला ७० दिवसांत उभा राहावा लागतो. त्यात सवलती आहेत, पण घड्याळ चालू असतं. दिवाणी खटल्याला असं घड्याळ नाही. खुर्ची रिकामी झाली की उरलेले न्यायाधीश आधी कोठडीतल्या माणसांचे खटले घेतात, आणि ते योग्यही आहे. मागे राहतात ते पगार बुडालेले, नोकरीवरून काढलेले, अपंगत्वाचा भत्ता नाकारलेले. फोनवर माझ्यापाशी रडणारी माणसं याच ढिगातली असायची.

ध्रुवपद

ताईंनी छान समजावलं, पण मूळ गोष्ट राजकारणाचीच आहे. सुप्रीम कोर्टावर स्कॅलिया १९८६ मध्ये ९८-० ने आले, गिन्सबर्ग १९९३ मध्ये ९६-३ ने. दोघांचे विचार दोन टोकांचे आणि सिनेटला ते माहीत होतं. २०२० मध्ये बॅरेट ५२-४८, २०२२ मध्ये जॅक्सन ५३-४७. सुप्रीम कोर्टासाठीच सुचवलेलं गार्लंड यांचं नाव २०१६ मध्ये २९३ दिवस पडून राहिलं आणि सुनावणीसुद्धा झाली नाही. चंडीगडमध्ये जन्मलेले श्री श्रीनिवासन मे २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टावर ९७-० ने गेले. त्याच कोर्टाच्या पुढच्या तीन जागा अडल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनेटमधले बहुमताचे नेते रीड यांनी चर्चा थांबवायला लागणारी ६० मतांची अट मोडली. सुप्रीम कोर्टासाठी ती २०१७ मध्ये तेव्हाचे बहुमताचे नेते मॅककॉनेल यांनी मोडली. आता ज्याचं बहुमत त्याचा जज. अशा माणसाकडून पाच कामगारांना काय मिळणार? सिनेटरला पत्रं लिहून काहीही होत नाही.

जुनी_कारकून

ध्रुवपद, मतांचे आकडे तुम्ही बरोबर दिलेत. निष्कर्ष मला पटत नाही, आणि मी तो जवळून बघितला आहे.

सुप्रीम कोर्टात ९ जागा आहेत. डिस्ट्रिक्ट कोर्टांत सहाशेच्या वर. ओव्हरटाइमचे दावे त्या ९ जणांपर्यंत क्वचित पोचतात, त्यांचा निकाल या सहाशेंपैकी कुणीतरी एक देतो. सिएटलच्या ज्या डिस्ट्रिक्ट जजनी जानेवारी २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वाविरुद्धचा ट्रम्प यांचा आदेश थांबवला, त्यांना १९८१ मध्ये रेगन यांनी नेमलं होतं. आपल्याकडच्या किती घरांचा त्या आदेशाशी संबंध होता ते सांगायला नको. नेमणारा कोण यावरून सगळं कळत असतं तर वकिलांनी युक्तिवादच केले नसते.

आमच्याकडे शेवटी नवीन न्यायाधीश आल्या त्या दिवसाबद्दल लिहिते. मोठा समारंभ नंतर झाला. खरी शपथ एका मंगळवारी सकाळी चेंबरमध्ये झाली, सात-आठ माणसं होती. खोकी अजून फोडलेली नव्हती. शपथेचे शब्द १७८९ च्या कायद्यापासून चालत आलेले आहेत. व्यक्ती न बघता न्याय करीन, गरीब आणि श्रीमंत दोघांना सारखाच हक्क देईन. 'गरीब' या शब्दापाशी त्या क्षणभर थांबल्या. त्यांचे वडील शेजारीच उभे होते, ते आयुष्यभर गोदामात काम केलेले गृहस्थ. शपथ झाल्यावर न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे वळून पहिलं वाक्य काय म्हणावं? "सगळ्यात जुना कुठला अर्ज आहे, तो आधी द्या." मी प्रलंबित अर्जांची यादी छापून ठेवली होती, ३१ पानं. त्यांनी ती घरी नेली. शुक्रवारपर्यंत पहिल्या चार पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांना कुठल्या पक्षाच्या किती मतांनी मंजुरी मिळाली होती हे मला तेव्हा माहीत होतं. पुढे ते आठवायची वेळच आली नाही.

पत्राबद्दलही. तुमच्या खटल्यात लक्ष घाला असं सिनेटरला अजिबात लिहू नका, ते चूक आहे आणि अंगाशी येईल. "अमुक डिस्ट्रिक्टमधली जागा अमुक महिन्यापासून रिकामी आहे, समितीने अर्ज मागवले का, नाव कधी जाणार," एवढंच विचारा. स्थानिक ऑफिसात फोन केलात तर बरेचदा खरं उत्तर मिळतं.

अर्धविराम

मी कामगारांच्या बाजूने दावे लढवणारी वकील आहे. तुमच्या वकिलांना बाजूला सारून सल्ला देत नाही, पण दोन गोष्टी त्यांना विचारा.

एक, मॅजिस्ट्रेट जज. यांना राष्ट्राध्यक्ष किंवा सिनेट नेमत नाही, डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीशच ८ वर्षांसाठी नेमतात. दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली तर संपूर्ण दिवाणी खटला, अंतिम निकालासकट, ते चालवू शकतात. अपील नेहमीसारखंच होतं. माझे दोन दावे असेच वेळेत सुटले. अडचण अशी की उशीर ज्याच्या फायद्याचा, तो संमती देत नाही.

दुसरं, बाहेरचा न्यायाधीश. सर्किटचे, म्हणजे अनेक डिस्ट्रिक्ट मिळून होणाऱ्या अपील विभागाचे, मुख्य न्यायाधीश त्याच सर्किटमधल्या दुसऱ्या डिस्ट्रिक्टचा न्यायाधीश काही काळासाठी पाठवू शकतात. पक्षकाराला ते मागता येत नाही, पण खटल्यांचा ढीग वाढला की होतं.

एक मात्र मला फार लागलं. १९९० नंतर काँग्रेसने न्यायाधीशांच्या जागांत मोठी वाढ केलेली नाही. २०२४ मध्ये ६६ नव्या जागांचं विधेयक सिनेटने ऑगस्टमध्ये बिनविरोध मंजूर केलं. निवडणूक कोण जिंकणार हे कुणालाच माहीत नसताना मंजूर करायचं, म्हणजे कुणाला फायदा-तोटा कळणार नाही, असा तो समजूतदार बेत होता. काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाने, हाउसने, निवडणूक होईपर्यंत थांबून डिसेंबरमध्ये मतदान घेतलं आणि २३ डिसेंबरला बायडन यांनी नकाराधिकार वापरला. दोन्हीकडच्यांना आपापली कारणं होती. त्या आठवड्यात माझ्या एका अशिलाचं घर हप्ते थकल्यामुळे गेलं. त्याचा अर्ज तेव्हा १९ महिने पडून होता.

वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत जे झालं ते लिहितो.

काँग्रेसच्या साइटवर आमच्या कोर्टासाठी एकही नाव नाही. वकिलांनी मॅजिस्ट्रेट जजबद्दल कंपनीच्या वकिलांना विचारलं, एका ओळीत नकार आला. दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसांत फोन केले. एकाकडे निरोप ठेवला आहे. दुसरीकडे एका तरुण मुलीने नीट ऐकून घेतलं, मला थांबवून आत विचारून आली आणि म्हणाली की समितीने अर्ज मागवलेत, मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आहे.

काकांना रविवारी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अजून माणूस शोधतायत होय. मग वर्ष धरून चालू." आवाजात चिडचिड नव्हती. इतके दिवस काहीच कळत नव्हतं, तेच त्यांना जास्त जड जात होतं.

ताई, अजून एक विचारायचं आहे. खटला पुन्हा कुणाकडे सोपवला गेला, तर आमचा जुना अर्ज ढिगाच्या तळाशी तर जाणार नाही ना?

जुनी_कारकून

तळाशी जायचं कारण नाही. सहा महिन्यांहून जुने अर्ज कुठल्या न्यायाधीशाकडे किती पडून आहेत, याची यादी १९९० च्या कायद्याप्रमाणे नावानिशी प्रसिद्ध होते. हिशोब ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला होतो. त्या यादीत नाव यावं असं कुठल्याच न्यायाधीशाला वाटत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या चेंबरमधले दिवे रात्री दहापर्यंत चालू असायचे. खटला कुणाकडे सोपवला गेला की तुमच्या वकिलांना दोन पानांची स्थितीदर्शक नोंद दाखल करायला सांगा. कुठला अर्ज, कोणत्या तारखेपासून, दोन्ही बाजूंचं म्हणणं दाखल झालं आहे, एवढंच त्यात हवं. मी अशा नोंदी पहिल्या पानालाच जोडून ठेवायचे.

दुसऱ्या सिनेटरचा फोन आला नाही तर परवा पुन्हा करा.