पोटात पीळ पडतो, पण तो भुकेचा की दुःखाचा हे कळत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ४३, नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माझा प्रश्न काहींना विचित्र वाटेल, म्हणून आधी प्रसंग सांगतो.

गेल्या भाद्रपदात आण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. पिंड ठेवून झाला, कावळे समोरच्या पत्र्यावर येऊन बसले, पण खाली एकही उतरेना. काका म्हणाले, "काहीतरी मनात राहिलं असेल त्याच्या, बोल रे तू." मी हात जोडून उभा होतो. बेंबीच्या जरा वर ओलं धोतर पिळावं तसा पीळ पडत होता, आवंढा गिळला जात नव्हता, तळहात गार पडले होते. आणि माझ्या डोक्यात एकच आलं, सकाळपासून नुसता चहा झालाय, भूक लागली असेल. घरी येऊन जेवलो. पीळ तसाच. रात्री ॲसिडिटीची गोळी घेतली. बहिणीने विचारलं, "दादा, तुला काहीच वाटत नाहीये का रे?" मी म्हणालो, "पोट दुखतंय."

ती अजूनही त्या उत्तरावर दुखावलेली आहे. पण मी टाळत नव्हतो. मला खरोखर तेवढंच कळत होतं.

त्यानंतर छातीत धडधड, रात्री दचकून जाग, मानेला घाम. ईसीजी, टूडी इको, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी 'अलेक्झिथायमिया' हा शब्द सांगितला. बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी १९७०च्या दशकात तो रूढ केला. मूळ ग्रीक, अर्थ साधारण 'भावनेला शब्द नसणं'. हा स्वतंत्र आजार नाही, कमीजास्त प्रमाणात असणारा स्वभावविशेष आहे, असं त्या म्हणाल्या. वीस विधानांची एक प्रश्नावली भरून घेतली. तिचे गुण २० ते १००, आणि ६१ पासून पुढे अलेक्झिथायमिया धरतात. माझे ६८ आले.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही, की भीती, राग आणि उत्साह या तिन्ही वेळी ॲड्रेनलिन सुटतं. छाती धडधडते ती जवळपास सारखीच. ती कशाची, हे मेंदू आजूबाजूची परिस्थिती बघून ठरवतो. माझी तीच सांगड बसत नाही. धडधड पोहोचते, तिचं नाव पोहोचत नाही.

आता मी एक वही केली आहे. आपल्या मराठीत हे सगळं आधीच लिहून ठेवलंय हो! पोटात गोळा येणं, घशाला कोरड पडणं, हातपाय गळणं, तळपायाची आग मस्तकात जाणं, काळजात चर्र होणं, ऊर भरून येणं. शाळेत हे वाक्प्रचार वाक्यात उपयोग करा म्हणून पाठ केले, मार्क मिळवले, पण ते शब्दशः खरे असतात हे मला या वयात कळतंय. शरीरात काही झालं की वही उघडतो, कोणता वाक्प्रचार जुळतो ते बघतो, मग आधीच्या तासाभरात काय घडलं ते शेजारी लिहितो. परवा मुलगी (९ वर्षं) म्हणाली, "बाबा, तू चिडलायस का माझ्यावर?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग दात का दाबतोयस?" खरंच दाबले होते. आणि खरंच चिडलो होतो, तिच्यावर नाही, दुपारी साहेबांनी चारचौघांत बोललं होतं त्यावर. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. पाच तास माझा जबडा ते धरून बसला होता.

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं ते बघतो. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे माहीत नसणाऱ्यालाही त्यावरून अंदाज येतो. तशी एखादी जागा स्वतःच्या शरीरात ठरवायला डॉक्टरांनी सांगितलंय. मी सध्या जबडा धरलाय.

विचारायचंय ते असं. शरीराकडे लक्ष द्या म्हणतात, पण मी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड उलट वाढते, जीव गुदमरतो. असं आणखी कुणाला होतं का? त्याऐवजी काय केलंत? चालताना, भांडी घासताना केलेलं चालतं का? भूक आणि काळजी यांतला फरक कुणी ओळखायला शिकलं असेल तर नेमका कशावरून? नाशिकमध्ये या विषयावर मराठीतून, घाई न करता बोलणारे समुपदेशक माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. "जास्त विचार करू नका" हे कृपया सांगू नका, घरातले रोज सांगतात.

आणि एक. पुढच्या महिन्यात आण्णांचं वर्षश्राद्ध आहे, बहीण येईल. तिला सांगायचंय की त्या दिवशी पोट दुखत नव्हतं, पोटात तुटत होतं. वर्षभराने हे बोलायला सुरुवात कशी करू?