सर्वोत्तम विज्ञानकथा टीव्ही मालिका : क्रमवारी लावताना कुठे चुकतं?

नुसती नावं नकोत. नंबर कशावरून दिलात, सुरुवात कुठून करायची आणि कुठे फसगत होते, तेही लिहा, असं विचारलं होतं. ही आलेली उत्तरं, प्रत्येकावर लिहिणाऱ्याच्या वस्तीचं नाव.

गिरगाव
पहिला नंबर 'ट्वायलाइट झोन' (१९५९-६४). १५६ भाग, दर भागाची गोष्ट वेगळी, त्यामुळे कुठूनही उघडा. भाग साधारण २५ मिनिटांचा, चर्चगेट-अंधेरी फास्टमध्ये आरामात संपतो. अपवाद चौथा सीझन. त्यातले १८ भाग दुप्पट लांबीचे केले आणि आमटीत पाणी वाढवल्यासारखं झालं. गुण देताना तो बाजूला ठेवा.

दादर
'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ला कमी गुण देणाऱ्यांनी बहुतेक वेळा २००३ची मिनीसिरीज बघितलेलीच नसते. ती वेगळी नोंदलेली असते म्हणून सुटते, आणि '३३' हा पहिला भाग तर तिच्याच शेवटावर उभा आहे. 'फायरफ्लाय'मध्ये उलटा गोंधळ: भाग १४च, पण २००२मध्ये वाहिनीने क्रम फिरवला आणि पात्रांची ओळख करून देणारा पहिला भाग 'सेरेनिटी' चक्क डिसेंबरात दाखवला. डीव्हीडीचा क्रम धरा.

ठाणे
चित्र वाईट दिसतं म्हणून मालिकेचे गुण कापू नका, आधी कारण बघा. 'स्टार ट्रेक'मधल्या 'नेक्स्ट जनरेशन'चं चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर झालं, पण संकलन आणि इफेक्ट्स व्हिडिओ टेपवर. ब्ल्यू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून १७८ भाग नव्याने जुळवले, म्हणून ते आज लख्ख दिसतात. 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन'च्या नशिबी ते आलं नाही. ५५ इंची टीव्हीवर धुरकट दिसणारच, लहान पडद्यावर बघा.

'बॅबिलॉन ५'ची गंमत आणखी वेगळी. माणसांची दृश्यं रुंद पडद्याचा विचार करून टिपलेली, संगणकावरची अंतराळजहाजं मात्र ४:३ मध्येच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात, बनवलेली. डीव्हीडीवर रुंदी साधायला जहाजांच्या दृश्यांची वरची-खालची बाजू छाटली आणि उरलेलं ताणल्यामुळे चित्र पिसकटलं. २०२१ची सुधारित प्रत परत ४:३ आहे, तीच बघा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे. टीव्हीवरचं 'फुल स्क्रीन' बंद ठेवा, नाहीतर मालिकेतले सगळे राजदूत बसके दिसतील.

आणि हो, 'नेक्स्ट जनरेशन' तिसऱ्या सीझनपासून. दुसऱ्याचा शेवटचा भाग म्हणजे पैसे संपल्यावर जुन्या तुकड्यांची शिवलेली गोधडी.

वरळी
विज्ञानाला निम्मे गुण देणार असाल तर 'द एक्स्पान्स'. यातलं अंतराळजहाज म्हणजे इथल्या टॉवरसारखं: मजल्यावर मजले आणि इंजिन तळाशी. इंजिन ढकलतं म्हणून पाय जमिनीला टेकतात, ते बंद झालं की सगळे तरंगतात. अर्ध्या वाटेवर जहाज उलटं फिरवून त्याच इंजिनाने वेग कमी करतात. चौथ्या भागात गोळा जहाजाच्या आरपार जातो आणि भोकांतून हवा सुटते. तोवर धीर धरा, पहिले तीन भाग नावं लक्षात ठेवण्यातच जातात.

पार्ले
'डार्क' (२०१७-२०, २६ भाग) माझ्या यादीत दुसरी. ऑडिओ आपोआप इंग्रजीवर गेला असेल तर जर्मन करा, डबिंगमध्ये कुजबुज सपाट होते. कागदावर चार कुटुंबांचे चार रकाने आखा: कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडमान. आडव्या ओळी गोष्टीतल्या काळांच्या: १९५३, १९८६, २०१९. कोण कुठल्या चौकटीत दिसलं ते पेन्सिलीने लिहा, पेनाने नको, खोडावं लागतं. तयार वंशावळ मात्र शोधू नका, पहिल्याच नजरेत सगळं फुटतं.

मुलुंड
'कॅप्टन व्योम' (१९९८) आणि 'इंद्रधनुष' (१९८९) या यादीत घुसवू नका. लहानपणच्या जिव्हाळ्याचे गुण वेगळ्या वहीत.

गिरगाव
'डॉक्टर हू' राहिलंच की! २००५पासून धरा. १९६३पासूनच बघायचा हट्ट केलात तर मध्ये खड्डे लागतील, बीबीसीने टेपा पुसल्यामुळे कित्येक भाग आज चित्रासकट उपलब्धच नाहीत.