टेनोफोव्हिर चालू, जांघ दुखते, फॉस्फेट 1.7. हाडांची झीज की गोळीचा परिणाम?

प्रश्न: वय 58. हिपॅटायटिस बी साठी टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल 300 मिग्रॅ, सहा वर्षं. चार महिन्यांपासून जांघ आणि बरगड्या दुखतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. डेक्सात (हाडांच्या घनतेची तपासणी) टी-स्कोअर उणे 2.8, म्हणून अलेन्ड्रोनेट (हाडांच्या झिजेवरची गोळी) लिहून दिलंय. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) 1.2, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं-यकृतातलं विकर) 310.

प्रतिसाद 1: अलेन्ड्रोनेटची घाई नको. फॉस्फेट 2.5 ते 4.5 हवं. नुसत्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये (हाडांची झीज) ते एवढं उतरत नाही. टेनोफोव्हिरची गोळी मूत्रपिंडातल्या नलिकांना इजा करते, फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं आणि हाडाचा सांगाडा तयार होऊनही त्यात खनिज भरत नाही. हा ऑस्टिओमलेशिया. डेक्साला दोन्ही सारखेच दिसतात, तो फक्त घनता मोजतो. क्रिएटिनिन ठीक दिसलं तरी नलिका ठीक असतीलच असं नाही.

प्रतिसाद 2: सकाळी उपाशीपोटी रक्त आणि लघवी एकाच वेळी द्या. (लघवीतलं फॉस्फेट गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन) भागिले (रक्तातलं फॉस्फेट गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन), गुणिले 100. रक्तात फॉस्फेट कमी असताना हे उत्तर 5 टक्क्यांच्या वर आलं, तर गळती मूत्रपिंडातूनच. रक्तातली साखर नॉर्मल असून लघवीत साखर आली, तर संशय आणखी पक्का. सोबत पोटॅशियम, बायकार्बोनेट, डी जीवनसत्त्व. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढाच; मांडीच्या हाडाच्या मानेत बारीक भेग असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत वजन टाकून चालणं बंद.

प्रश्नकर्ता: दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक रोज चालू आहे.

प्रतिसाद 1: ती आजच डॉक्टरांना विचारून थांबवा. टेनोफोव्हिरसोबत ती मूत्रपिंडावर दुहेरी मार करते. पॅरासिटामॉलचा डोस यकृत बघून ठरवून घ्या.

प्रतिसाद 3: टेनोफोव्हिर मात्र मनाने सोडू नका, हिपॅटायटिस बी उसळून यकृत निकामी होऊ शकतं. यकृततज्ज्ञ सहसा खंड न पाडता बदलतात: टेनोफोव्हिर अलाफेनामाइड 25 मिग्रॅ जेवणासोबत, किंवा एन्टेकाव्हिर 0.5 मिग्रॅ उपाशीपोटी, जेवणाआधी-नंतर दोन तासांचं अंतर ठेवून. पूर्वी लॅमिव्हुडिन (हिपॅटायटिस बीचंच जुनं औषध) घेतली असेल तर एन्टेकाव्हिर नको, विषाणू दाद देणार नाही अशी शक्यता असते. क्षयाची रिफॅम्पिसिन चालू असेल तर अलाफेनामाइड नको.

फॉस्फेटची पुडी दिली तर दिवसात तीन-चार वेळा विभागून घ्या, एकदम घेतली की जुलाब होतात. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, दोन्ही पोटातच एकमेकांना बांधून टाकतात.