मदत हवी आहे: अ‍ॅडेनोमायोसिस, आयव्हीएफ आणि पायात गुठळी. भ्रूणाची ट्रान्सफर कोणत्या पद्धतीने केलीत?

नमस्कार,

वय ३६. अ‍ॅडेनोमायोसिसमुळे (गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूत वाढतं) गर्भाशय बरंच मोठं झालंय. आयव्हीएफचं एग पिकअप (स्त्रीबीजं काढणं) झालं आणि थोड्याच दिवसांत डावा पाय मांडीपर्यंत सुजला. डॉपलरमध्ये खोल शिरेत गुठळी, म्हणजे डीव्हीटी निघाली. ताजी ट्रान्सफर रद्द करून भ्रूण गोठवून ठेवले. सध्या एनोक्सापॅरिन (रक्त पातळ करणारं हेपारिनचं इंजेक्शन) चालू आहे, पोटावर जांभळ्या डागांची रांगोळी झालीये.

रक्तविकारतज्ज्ञांनी समजावलं ते असं: आयव्हीएफच्या इंजेक्शनांमुळे इस्ट्रोजेन वाढतं, त्याने रक्त गोठण्याकडे झुकतं, त्यात मोठं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देतं. डावीकडची शीर मुळातच धमनीखाली दबलेली असते, म्हणून बहुतेक वेळा डावाच पाय. एपीएलए (रक्त गोठवणाऱ्या अँटिबॉडीजच्या) तपासण्या निगेटिव्ह आहेत.

खरी अडचण पुढे आहे. आयव्हीएफच्या डॉक्टर म्हणतात, आधी ल्युप्रोलाइड डेपो ३.७५ मिग्रॅ (पाळीचे हार्मोन दाबणारं इंजेक्शन) दर महिन्याला घेऊन गर्भाशय आकसू दे. पण त्याने स्वतःचं सायकल बंद होतं, मग ट्रान्सफरसाठी गर्भाशयाचं अस्तर वाढवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या लागणारच. रक्तविकारतज्ज्ञ गोळ्यांना ठाम नाही म्हणतात, नैसर्गिक सायकलमध्ये ट्रान्सफर करा म्हणतात. तसं केलं तर डेपो नाही, आणि सुजलेल्या गर्भाशयात भ्रूण रुजणार कसा? दोघांचंही पटतं, हाच ताप आहे.

गोळ्यांऐवजी जेल किंवा पॅच लावला तर औषध आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे गुठळीचा धोका कमी, असं ऐकलं. डेपोनंतर कोणी जेल-पॅचवर ट्रान्सफर केली आहे का? अस्तर नीट वाढलं? हेपारिन सोबत चालू होतं का, आणि पुढे गरोदरपणात किती काळ घेतलं?

दुसरं, पाळीचं. आधी ट्रॅनेक्सॅमिकवर (रक्तस्राव कमी करणारी गोळी) रक्तस्राव आटोक्यात असायचा. गुठळीमुळे ते बंद केलं, वर रक्त पातळ करण्याचं औषध. हिमोग्लोबिन ८.९ वर आलंय. शिरेतून लोह घेतलेल्यांनी अनुभव सांगा.

'दुसरं मत घ्या' एवढंच कृपया लिहू नका. तेच घेतल्यामुळे इथे आलेय! सासूबाईंचं 'आता पुरे कर' रोज ऐकते, तेही नको. पुणे-नाशिककडे गरोदरपणातल्या गुठळ्या नेहमी हाताळणारे आणि आयव्हीएफवाल्यांशी स्वतः फोनवर बोलणारे रक्तविकारतज्ज्ञ माहीत असतील तर मेसेज करा.