मदत हवी आहे: घरी शिकणाऱ्या मुलीसाठी खगोलाचे प्रयोग आणि वाचन

लेक अकरा वर्षांची, होमस्कूलिंग चालू आहे. यंदा तिला खगोलशास्त्राचा ऑनलाइन कोर्स लावलाय. कोर्स चांगला आहे, पण सगळा स्क्रीनवर. व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, पुढे चला. ग्रहांची अंतरं धडाधड सांगते. परवा आजोबा म्हणाले, "मृग लागला." हिचा लगेच प्रश्न, "लागला तर दिसत का नाही?" कोर्समध्ये याचं उत्तर नाही आणि मलाही ते नीट समजावता आलं नाही.

दादरला राहतो. गच्चीला सोसायटीचं कुलूप, गॅलरी पश्चिमेला, चार तारे दिसले तरी नशीब. त्यात आता पावसाळा. तारांगण आणि सायन्स सेंटर करून झालंय. हाताने करण्यासारखं काही सुचवा, मराठीत वाचायलाही. आणि टेलिस्कोप घ्यावा का? नवऱ्याने एक कार्टमध्ये टाकून ठेवलाय.

प्रतिसाद

टेलिस्कोप कार्टमध्येच राहू द्या. स्वस्तातल्यांचे स्टँड इतके थरथरतात की मुलं वैतागतात. १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) घ्या. चंद्रावरची मोठी विवरं दिसतात, आणि कोपर कठड्याला टेकवून धरली तर गुरूचे चंद्रही. सूर्याकडे मात्र ती कधीही रोखायची नाही, मावळतीलासुद्धा.

आजोबांचं बरोबर आहे. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो, त्यामुळे मृग दिवसभर त्याच्यासोबतच आकाशात असतो आणि उजेडात हरवतो. डिसेंबरात तो रात्रभर दिसतो. हे घरातच करा. खोलीच्या मधोमध दिवा, भिंतींवर ओळीने २७ नक्षत्रांच्या चिठ्ठ्या, आणि लेक पृथ्वी होऊन दिव्याभोवती फिरेल. दिव्यापलीकडे दिसणारी चिठ्ठी म्हणजे लागलेलं नक्षत्र, पाठीमागचं ते मध्यरात्री डोक्यावर येणारं. पावसाळ्यात याहून चांगला उद्योग नाही.

पश्चिमेची गॅलरी तर सोनं आहे. मावळतीचं ऊन आतल्या भिंतीवर येत असेल तर ग्रिलच्या एकाच गजाची सावली पेन्सिलीने आखा, शेजारी तारीख. जून ते डिसेंबर मुंबईत मावळतीची जागा जवळपास ५० अंश दक्षिणेला सरकते, सावली उलटी उत्तरेकडे जाते. ढगांमुळे मधले महिने गळतील, गळू देत.

उघडीप मिळाली की शिवाजी पार्क गाठा. १४ सेंटिमीटरचा चेंडू सूर्य मानला तर पृथ्वी मोहरीचा बारीक दाणा, १५ मीटरवर. गुरू गोटीएवढा, ७८ मीटरवर. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, तिथवर तिला चालायला लावाच. मग विचारा, सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा? सुमारे चार हजार किलोमीटरवर, म्हणजे सिंगापूरच्या आसपास!

वाचायला नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. अकराव्या वर्षी एकटीला जड जाईल, सोबत बसून थोडं थोडं वाचा. आणि भिंतीवरची दिनदर्शिका विसरू नका. संकष्टीची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. इमारतीखाली उतरून ती पडताळून पाहणं हा फुकटचा प्रयोग. समोरच्या टॉवरमुळे किती उशिरा दिसतो, तेही तिला मोजू दे.

धागाकर्ती

खूप आभार. चिठ्ठ्या लिहून झाल्या, 'उत्तरा'वाल्या तीन नक्षत्रांत गोंधळ घालून झाला. कार्ट रिकामं केलंय, नवरा रुसलाय. खगोल मंडळाच्या (मुंबईतला हौशी आकाशनिरीक्षकांचा गट) वांगणीच्या, शहरापासून लांबच्या आकाशदर्शनाला एवढ्या लहान मुलीला घेऊन कोणी गेलंय का? रात्रभर जागं राहणं मुलांना झेपतं का, तेवढं सांगा.